लागलं, टोचलं आणि गडलं

आमच्याकडे येणारा पेशंट दुखणं नंतर सांगतो, आधी मुदत सांगतो. "बाई, रोवणीच्या आत हात बरा झाला पायजे." "बाई, पोरीचं लगन हाय, तवापर्यंत पट्टा निघंल ना?" मोहफुलं वेचायचा हंगाम, तेंदूपत्ता, धानाची कापणी, सोयाबीन. मनगट कुठल्या दिवशी कामावर हजर व्हायला हवं, हे पेशंट घरूनच ठरवून येतो. मी फक्त मान डोलवायची असते.

श्रावणभाऊंची मुदत मंडईची होती. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, गावागावांत मंडई भरते. पाहुणे येतात, मिठाईची आणि खेळण्यांची दुकानं लागतात आणि भर दुपारी उघड्यावर दंडार रंगते. दंडार म्हणजे गाणं, नाच, सोंगं आणि गावातल्या कोणाचीही फिरकी घेणारे संवाद, सगळं एकात. बायकांची कामंही मिशा काढलेले पुरुषच करतात. सावली तालुक्यातल्या एका गावात श्रावणभाऊ दंडारीत ढोलकी वाजवायचे. एरवी धानाचे शेतकरी, पण गावात त्यांना कोणी शेतकरी म्हणत नसे. ढोलकीवाला श्रावण, एवढीच ओळख.

पोळ्याच्या सुमाराला ते माझ्यापुढे बसले तेव्हा त्यांचं उजवं मनगट तळहाताच्या बाजूनं चांगलंच फुगलेलं होतं. सोबत बायको, शेवंताबाई. त्यांनी खोलीत सगळीकडे नजर फिरवली आणि मला विचारलं, "हाडाचे डागदर कुठी गेले जी?"

"मीच," मी म्हटलं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर परत जायचा विचार स्पष्ट होता. माझा कंपाउंडर आणि प्लास्टरवाला सलीमभाई दारातूनच म्हणाला, "बैठो बैठो बाई, येच हायेत. हथौडी बी चालवतेत." मग त्या बसल्या.

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याची कोळसा खाणीत बदली झाली म्हणून चंद्रपूरला आले आणि राहिले. हाडांची डॉक्टर तर होतेच, पण हाताच्या कामाचा नाद आधीपासूनचा. मांडीचं हाड जोडायला ताकद लागते, हाताला चिकाटी लागते, आणि माझ्याकडे दुसरी वस्तू जास्त आहे. हे प्रकरण माझ्या इथल्या पहिल्याच वर्षातलं.

मनगट तपासताना मी पहिल्यांदा नमस्कार करायला लावते. तळव्याला तळवा लावून कोपरं वर, मग उलटा नमस्कार, हाताच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून. मनगट किती वाकतं ते लगेच कळतं. पेशंटना मात्र वाटतं, बाईंना मान दिलेला फार आवडतो. काही जण तर खुर्चीवरून उठून नमस्कार करतात. श्रावणभाऊंचा नमस्कार अर्ध्यावरच अडकला.

इथं थोडं मनगटाविषयी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत जातात. आमच्याकडे सगळ्यालाच 'नस' म्हणतात, त्यामुळे मीही आता नस म्हणते. सायकलच्या ब्रेकची तार जशी नळीतून सरकते, तशी ही कंडरा एका आवरणातून सरकते. आवरणाला आतून गुळगुळीत अस्तर असतं आणि ते जरासं वंगण पाझरत असतं. मनगटाच्या सांध्यालाही आतून असंच अस्तर आहे. सगळं ठीक असेल तर या अस्तराची आयुष्यभर आठवण येत नाही. जंतू शिरला की मात्र तिथं पू होतो आणि बंद नळीत पुवाला जायला जागा नसते. तो दाबत राहतो. कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो, ती मरते किंवा आवरणाला चिकटते. आज दुखतंय म्हणून न वाकणारं बोट पुढं कधीच वाकत नाही. म्हणून असा हात दिसला की आम्ही जेवण अर्ध्यावर सोडून उठतो.

अशीच मूल गावची एक सून आली होती. करंगळी सुजलेली, लाल, आणि सूज मनगट ओलांडून वर चाललेली. करंगळीच्या कंडरेचं आवरण बहुतेकांत थेट मनगटापर्यंत जातं, त्यामुळे करंगळीतला पू गुपचूप मनगटात उतरतो. मी विचारलं, "काही लागलं होतं का?" ती म्हणाली, "हो जी, इळा लागला." झालं, निदान पक्कं. शस्त्रक्रिया लगेच करायची होती आणि अडचण निघाली बांगड्यांची. हिरवा चुडा सुजलेल्या मनगटात रुतून बसला होता. मी कात्री मागवली तशी सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "लेकराचं लगन होऊन सहा मयने नाई झाले. फोडू नका म्हंजे नाई."

मी चिडले. हात जायची वेळ आणि यांना काचेची पडलीय, असं काहीतरी तोंडातून निघणारच होतं. सलीमभाईनं मला बाजूला घेतलं. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचं दुकान. "मॅडम, हात सुन्न करा तुमी. फिर मेरे को दोन मिनट द्या." भूलतज्ज्ञांनी खांद्यापाशी इंजेक्शन देऊन हात बधिर केला. सलीमभाईनं पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवली, तिचं टोक बांगड्यांखालून सरकवलं, वरून साबणाचं पाणी सोडलं आणि एकेक बांगडी अशी उतरवली की विकायला परत दुकानात ठेवावी. एकही वाढली नाही. मी आवरण उघडलं, पू धुऊन काढला. मुलगी बरी होऊन घरी गेली तेव्हा तोच चुडा सासूनं पदरातून काढला आणि सलीमभाईनंच तिच्या हातात भरला. दवाखान्यात बांगड्या भरण्याचा कार्यक्रम बघायला सगळा वॉर्ड गोळा झाला होता. तेव्हापासून सुजलेल्या हातावरच्या बांगड्या हे खातं सलीमभाईकडे आहे आणि त्यात मी लुडबुड करत नाही.

सगळ्याच गोष्टी अशा चुड्यात संपत नाहीत. एटापल्लीकडून एक काका आले होते, बांबू तोडताना मनगटावर कोयता बसलेला. जखम इवलीशी, वरून बुजलेली, पण आत सांध्यात पू. पावसाचे दिवस, नाले भरलेले, ते निघाले वेळेवर आणि पोचले उशिरा. सांध्यातला पू हाडांवरची गुळगुळीत कूर्चा खाऊन टाकतो, आणि ती परत उगवत नाही. मी सांधा उघडला, धुतला, जंतू गेला. सांधाही गेला. पुढं ती हाडं एकमेकांना सांधून मनगट सरळ, ताठ करून दिलं. कुऱ्हाड धरता येते, घास घेता येतो. फक्त मनगट वाकत नाही, म्हणून हात जोडता येत नाहीत. ते अजून अधूनमधून भेटायला येतात आणि दारातून तो एक हात वर करून "जोहार" म्हणतात. मी जोहार म्हणते आणि मला दर वेळी वाईट वाटतं. त्यांना वाटत नाही, असं ते म्हणतात.

तर श्रावणभाऊ. त्यांचा हात लाल नव्हता, तापलेला नव्हता, ताप नव्हता. हा दुसरा प्रकार, सावकाश चालणारा. फुगवटी मनगटाच्या वर होती आणि खाली तळहातातही होती. मधे मनगटाचा आडवा पट्टा असतो, तो घट्ट. वरची फुगवटी दाबली की खालची टरारून फुगायची, खालची दाबली की वरची. शेवंताबाई हे बघून म्हणाल्या, "बाई, दाबू नका, तिकडून फुटंल." बोटं पूर्ण मिटत नव्हती आणि अंगठ्याशेजारच्या बोटांना मुंग्या येत होत्या.

मी माझे ठरलेले प्रश्न विचारले. "काही लागलं होतं का?"

"नाई जी."

"नीट आठवा. पडला होता, मार बसला होता, काही लागलं होतं?"

"काईच नाई लागलं."

"बरं, काही टोचलं होतं का?"

"हो जी," श्रावणभाऊ ताबडतोब म्हणाले. "तीन डागदरांनी टोचलं."

तिघांनीही संधिवात समजून मनगटात इंजेक्शन दिलं होतं. दर वेळी सूज उतरली, थोडे दिवस ढोलकी वाजली आणि सूज पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत आली. जंतू असताना सूज मारणारं औषध तिथं सोडलं की असं होतं. शरीराचे पहारेकरी झोपतात आणि आतल्याला मोकळं रान मिळतं.

"बाई," श्रावणभाऊ म्हणाले, "मंडईले हात पायजे."

मी म्हटलं, या मंडईचं कबूल करत नाही.

मग शेवंताबाई बोलल्या. "याहीच्या जागी दुसऱ्या गावचा आनून बसवतेत बाई. एक मंडई बसू द्या, दोन बसू द्या. मंग त्याचाच हात पार्टीले बसून जाते. याहीले कोन उठवून बसवंल?" श्रावणभाऊ भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होते. "मले काई येत नाई जी दुसरं," ते म्हणाले. "वावर तं सारेच करतेत."

ही भीती मला चटकन कळली. शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला आपल्या हाताची काय काळजी असते ते मला माहीत आहे. मी त्या दिवशी घरी जाऊन भाजीही चिरली नाही. नवऱ्यानं चिरली, म्हणून वांगी जाडजूड होती.

शस्त्रक्रियेला फक्त हात बधिर केला होता, त्यामुळे श्रावणभाऊ जागेच होते आणि पडद्यापलीकडून चौकशा करत होते. मी पट्टा उघडला. पट्ट्याखालच्या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो, सगळं दाटीवाटीनं. इथं ते सगळं सुजलेल्या, लालसर अस्तरात गुंडाळलेलं होतं. अस्तराला छेद दिला आणि आतून पांढरे दाणे घरंगळत बाहेर आले. बारीक, गुळगुळीत, शिजवलेल्या भातासारखे. जुन्या, सावकाश चालणाऱ्या संसर्गात अस्तराचे तुकडे सुटून घासून घासून असे होतात. डॉक्टरही त्यांना तांदूळच म्हणतात.

"काय निघालं जी?" पडद्यापलीकडून प्रश्न आला.

सलीमभाईनं वाटी नेऊन दाखवली. श्रावणभाऊंनी मान वर करून बराच वेळ निरखलं.

"हे तं कनी हाय," ते म्हणाले. "तांदूर नाई. मिलवाला नाई घेनार."

भूलतज्ज्ञ हसले, मी हसले, हात हलू नये म्हणून काम थांबवलं. मग एकेक कंडरा उचलून तिच्यावरचं अस्तर सोलून काढलं. वेळखाऊ काम आहे, भरताचं वांगं सोलण्यासारखं, फक्त आतली वस्तू फाटली तर माफी नाही. कंडरा शाबूत होत्या. मला फार बरं वाटलं.

असे दाणे दिसले की आमच्या भागात पहिला संशय क्षयाचा. क्षय फुप्फुसातच होतो असं नाही, तो मनगटातही येऊन बसतो. अस्तराचे तुकडे मी नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवले आणि चिठ्ठीवर 'क्षयाची तपासणी' असं लिहिलं. मनात मात्र कुठंतरी खटकत होतं. त्यांच्या छातीचा फोटो स्वच्छ, घरात कोणाला क्षय नाही, वजन चांगलं. पण त्यांना काही लागलंही नव्हतं. मग हा जंतू आत शिरला कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले, तर श्रावणभाऊंच्या खाटेवर शेवंताबाई पाय वर घेऊन बसलेल्या आणि पट्टी बांधलेला उजवा हात उंच धरून श्रावणभाऊ डाव्या हातानं त्यांच्या तळपायाशी खटपट करत होते.

"हे काय चाललंय?"

"काटा गडला बाई हिले," श्रावणभाऊ म्हणाले. "नळावर गेली होती पान्याले."

"गडला म्हणजे?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सूर्य कुठून उगवतो असं विचारल्यासारखं. "गडला मंजे गडला," शेवंताबाई म्हणाल्या. "पायात."

"म्हणजे टोचला?"

"सुई टोचते जी. काटा कायले टोचंल? काटा गडते."

मी खाटेच्या कडेला बसले. माझ्या सांगलीला काटा मोडतो, रुततो, टोचतो. इथं तो गडतो. आणि लागतो तो दगड, इळा, दरवाजा, मार. टोचते ती डॉक्टरची सुई. तीन वेगळी दुखणी, तीन वेगळे शब्द, आणि मी फक्त दोनच विचारत होते.

मी सावकाश विचारलं, "श्रावणभाऊ, तुमच्या या हाताला कधी काही गडलं होतं का?"

"मले? हो. गडलं ना," ते म्हणाले. "मासोरी गडली होती. उनाऱ्यात बोडीचं पानी आटलं, तवा चिखलात मासोऱ्या धरून राह्यलो होतो. शिंगीनं काटा मारला इथी." त्यांनी डाव्या बोटानं बरोबर मनगटाच्या घडीवर दाखवलं. इथं 'ळ' जिभेवर येता येता 'र' होतो, म्हणून मासोळीची मासोरी. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. आणि शिंगी हा तिथला गुळगुळीत, काळपट मासा, त्याच्या कल्ल्यामागे दोन्ही बाजूंना काटे असतात.

"अहो, मग मी इतक्यांदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी लागलं का म्हनून पुसलं," ते शांतपणे म्हणाले. "लागलं नाई. मंग टोचलं का म्हनून पुसलं, ते सांगतलं. गडलं का म्हनून कोनी पुसलंच नाई."

शेवंताबाईंनी मान हलवून दुजोरा दिला. त्यांच्या मते चूक कोणाची, हे उघड होतं.

मी उठले आणि जवळजवळ पळत फोनकडे गेले. कारण असं आहे. तळ्यात, माशांच्या अंगावर क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ राहतो. माशाच्या काट्यातून तो माणसाच्या हातात येतो आणि महिनोन्‌महिने गुपचूप संसार थाटतो. त्याचं एक वैशिष्ट्य, त्याला थंडावा लागतो. माणसाच्या पोटात, छातीत त्याला फार गरम होतं. हात जरा गार असतात, म्हणून तो हातातच रमतो आणि सहसा वर जात नाही. प्रयोगशाळेत मात्र जंतू वाढवायची पेटी अंगाच्या उष्णतेवर लावलेली असते. त्या पेटीत हा बहुधा उगवतच नाही. मग 'काही आढळलं नाही' असा कागद येतो आणि सगळे पुन्हा संधिवातावर येतात.

नागपूरच्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ बाईंना मी म्हटलं, "तुकडे अजून आहेत ना? निम्मे नेहमीसारखे ठेवा आणि निम्मे गार ठेवा. माशाचा काटा गडला होता."

"काय झाला होता?"

"गडला होता. नंतर सांगते."

त्या हसल्या. "चंद्रपूरहून पहिल्यांदाच कोणीतरी थंडावा मागतंय," म्हणाल्या, पण तुकडे ठेवले.

हा जंतू आळशी. आठवडे गेले. मधल्या काळात टाके निघाले आणि मी अंदाजानं औषधं सुरू केली. त्यातल्या एका औषधानं लघवी केशरी होते. मी हे सांगितलं होतं, तरी शेवंताबाईंचा फोन आलाच. "बाई, परसाच्या फुलावानी होऊन राह्यलं. रंगपंचमीले ठेवू का?" परस म्हणजे पळस. त्या घाबरल्या होत्या की थट्टा करत होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

मग एके दिवशी नागपूरहून फोन आला. गरम पेटीतल्या नळीत काहीच उगवलं नव्हतं, गार नळीत जंतू आला होता. "आणि उजेडात ठेवला की हळदीसारखा पिवळा होतोय," बाई म्हणाल्या. त्याची ती खूणच आहे. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. सलीमभाई आत डोकावला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मतलब, मासोळीनंच केलं सगळं. मले तर पैलेच वाटलं होतं." त्याला काहीही वाटलं नव्हतं, पण मी ऐकून घेतलं.

औषधं बरेच महिने चालली आणि त्याहून अवघड होता व्यायाम. सोललेल्या कंडरा आसपास चिकटू पाहतात, त्यांना रोज सरकवत ठेवावं लागतं. बोटं सरळ, मग आकडा, मग मूठ, मग परत सरळ. पेशंट कंटाळतात. वॉर्डात असतानाच तो सुरू केला होता आणि श्रावणभाऊ पहिले काही दिवस कंटाळले. मग त्यांनी त्या व्यायामाला ठेका लावला. बोटं सरळ केली की तोंडानं एक बोल, आकडा केला की दुसरा, मूठ वळली की सम. शेजारच्या खाटांवरचे, पायाला प्लास्टर घातलेले लोकसुद्धा समेवर मान टाकू लागले. दुखलं की ठेका हुकायचा आणि शेवंताबाई खालून म्हणायच्या, "पुन्यांदा."

मंडई आली तेव्हा मूठ पुरी मिटत होती, पण ढोलकीच्या थापेचा दणका मी हाताला बसू देणार नव्हते. त्या वर्षी शेजारच्या गावचा ढोलकीवाला आणला. श्रावणभाऊ त्याच्या बाजूला बसून टाळ्या वाजवत होते, असं शेवंताबाईंनी मला सांगितलं. "बरा वाजवते तो," त्या म्हणाल्या. "लई बरा वाजवते." मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसल्या. माझ्याकडे त्याच्यावर औषध नव्हतं. मी आणखी एक महिन्याचा व्यायाम लिहून दिला.

पुढच्या पावसाळ्यात श्रावणभाऊ शेवटचं दाखवायला आले. नमस्कार केला. तळव्याला तळवा, कोपरं वर, मनगट पूर्ण मागे. उलटा नमस्कारही केला. मग म्हणाले, "बाई, मंडईले या. सलीमभाऊले बी आना."

आम्ही गेलो. दुपारची उन्हं, धान कापून मोकळी झालेली बांधी, त्यात गोल करून बसलेली माणसं, जिलेबीचा वास. मला आणि सलीमभाईला पुढं खुर्च्या दिल्या. ढोलकीपाशी श्रावणभाऊ बसले होते. शेजारच्या गावचाही आला होता, तो मागे टाळ घेऊन बसला होता. श्रावणभाऊंनी माझ्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं, ते गंभीर झालेत.

दोन-तीन गाणी झाली आणि मग रिंगणात एक सोंग आलं. पांढरा कोट, खाली नऊवारी, जाड चष्मा, गळ्यात नळी, हातात लोहाराचा घण. आतला पुरुष चांगला धिप्पाड होता. त्यानं माझ्यासारखी मान तिरकी करून, माझ्या सांगलीच्या बोलीत, गळा काढून विचारलं, "बसाऽ. काय झालंय? काही लागलं होतं का?"

लोक हसायला लागले. सलीमभाई माझ्याकडे न बघता हसत होता, म्हणजे त्याला आधीच माहीत होतं.

समोर पेशंटचं सोंग आलं. त्याच्या दंडात लाकडी नांगर अडकवलेला. "नाई जी, काईच नाई लागलं."

"काही टोचलं होतं का?"

"हो जी, तीन डागदरांनी टोचलं."

"नमस्कार करा."

त्यानं केला. "उलटा करा." त्यानं पाठ फिरवून केला. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत हसत होत्या. डॉक्टरीण घण खांद्यावर टाकून रिंगणात फेऱ्या मारू लागली. "लागलं नाही, टोचलं नाही, मग याला झालं तरी काय? कोणी सांगेल का मला?" ती एकेकाच्या पुढे जाऊन विचारत होती आणि शेवटी ढोलकीपाशी येऊन थांबली. "तुम्ही सांगा, ढोलकीवाले."

श्रावणभाऊंनी उजवा हात वर केला. बाही मागे सरकली आणि मनगटावरचा माझा व्रण सगळ्यांना दिसला. त्यांनी मनगट सावकाश मागे वाकवलं, अगदी मागे, आणि थाप टाकली.

"गडलं, बाई."

आणि मग जी ढोलकी सुटली, ती मी इथं लिहू शकत नाही. लोक नाचायला उठले. मला दंडार दिसतच नव्हती. मी त्या मनगटाकडे बघत होते. प्रत्येक थापेला ते वाकत होतं, सैल होत होतं, पुन्हा वाकत होतं, आणि आतल्या नऊ दोऱ्या कशा सरकत असतील ते मला डोळे मिटूनही दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत शेवंताबाई माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि खाली उकिडव्या बसल्या. माझा चेहरा बघून त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "बाई, पोट्टे फाजील हायेत. गंमत केली त्याहीनं," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनाले लागलं तं नाई ना?"

"नाई जी," मी म्हटलं. "लागलं नाई. गडलं."